पुतळ्यांच्या बदल्या

सरकारी नोकरांची बदली होते तशी बुडापेस्टमध्ये पुतळ्यांची होते. सरकार बदललं की हुकूम निघतो, पहाटे क्रेन येते आणि उजाडेपर्यंत चौथरा रिकामा झालेला असतो. कुणाची बदली आडबाजूच्या चौकात, कुणाची पार शहराबाहेर. काहींच्या नशिबी थेट भट्टी. आणि एखादा पन्नास-सत्तर वर्षांनी जुन्या जागी पुन्हा हजर.

हे मला कळलं ते एका पायी सहलीत. विसाव्या शतकाचा इतिहास चालत चालत सांगणाऱ्या अशा सहली त्या शहरात ढिगाने आहेत. मी निवडलेल्या सहलीत शहराचा जेमतेम दीड-दोन किलोमीटरचा तुकडा होता: स्वातंत्र्य चौक, संसदेसमोरचा कोशुत चौक आणि डॅन्यूबचा काठ. किल्ला नाही, गरम पाण्याचे हमाम नाहीत, रात्रीची रोषणाई नाही. गाईडबाई पन्नाशीच्या, पूर्वी शाळेत इतिहास शिकवणाऱ्या. त्यांच्या काखोटीला प्लॅस्टिकच्या पानांची एक जाड फाइल होती. एका जागी थांबायचं, फाइल उघडायची आणि त्याच जागेचा जुना फोटो डोळ्यांसमोर धरायचा, ही त्यांची पद्धत. फोटोतली झाडं लहान, इमारती त्याच, मधला पुतळा मात्र वेगळा. पान उलटलं की तिसराच.

स्वातंत्र्य चौकाच्या उत्तर टोकापासून सुरुवात झाली. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरी हरलं आणि 4 जून 1920 रोजी त्रियानोंच्या तहाने हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश गेला. तीस लाखांहून जास्त हंगेरियन माणसं घरातून न हलता परदेशात जाऊन पडली. मग 1921 साली या टोकाला चार पुतळे बसले: उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम. चार दिशांना गेलेला मुलूख परत मिळवायचा, असा त्याचा अर्थ. पुढे मध्ये एक उंच ध्वजस्तंभही आला. गाईडबाईंच्या फाइलमध्ये तो फोटो आहे. आज तिथे काय आहे? टोकाला सोनेरी तारा असलेला सोव्हिएत सैनिकांचा स्मारकस्तंभ. 1944च्या डिसेंबरअखेरीपासून 13 फेब्रुवारी 1945 पर्यंत बुडापेस्टला वेढा पडला होता. जर्मनांनी माघार घेताना डॅन्यूबवरचे सगळे पूल उडवले. लाल सैन्याने शहर जिंकलं आणि बरोबर त्या ध्वजस्तंभाच्या जागेवर आपल्या मेलेल्या जवानांचं स्मारक उभारलं. जागा चुकून निवडलेली नव्हती, हे सांगायला नकोच.

1989 नंतर शहरातले लेनिन आणि त्याचे भाईबंद उचलून दक्षिणेकडच्या मेमेंटो पार्कात नेऊन ठेवले, 1993 पासून तिथे तिकीट काढून ते बघता येतात. हा स्तंभ मात्र जागचा हलला नाही, कारण रशियाशी झालेल्या कराराचं त्याला संरक्षण आहे. मग ज्याला हलवता येत नाही त्याच्यासमोर शेजारी आणून बसवायचा. 2011 साली तिथून हाकेच्या अंतरावर रोनाल्ड रेगन यांचा ब्राँझचा पुतळा आला. साहेब रुबाबात चालत निघालेले. आमच्यातल्या दोघा अमेरिकनांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले. गाईडबाई घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या.

याच चौकात आणखी एक अमेरिकन आहे, जनरल बँडहोल्ट्झ. 1919 साली रुमानियन सैन्य बुडापेस्टमध्ये शिरलं होतं आणि राष्ट्रीय संग्रहालयातला ऐवज गाड्यांत भरून न्यायच्या बेतात होतं. या गृहस्थाने हातातल्या घोड्याच्या चाबकानिशी त्यांना दारातून परत पाठवलं आणि दाराला सील ठोकलं, अशी गोष्ट सांगतात. पुतळा 1936चा. कम्युनिस्टांच्या काळात हटवला, 1989 साली परत आला. पाठीमागे धरलेल्या हातांत तो चाबूक आहे. समोरच्या बाजूला अमेरिकेचा दूतावास. तिथे हंगेरीच्या कॅथलिक चर्चचे प्रमुख कार्डिनल मिंडसेंटी 4 नोव्हेंबर 1956 रोजी आश्रयाला शिरले ते 1971च्या सप्टेंबरात बाहेर आले. पंधरा वर्षं एका इमारतीत! एखाद्या कादंबरीचा ऐवज आहे हा, पण बाईंनी दोन वाक्यांत उरकला. त्यांना पुढच्या टोकाला जायची घाई होती.

दक्षिण टोकाला जमिनीतून पाणी उसळणारं एक कारंजं आहे. पाण्याच्या भिंती, आपण जवळ गेलं की त्या खाली बसतात, आत शिरता येतं. सप्टेंबरचं ऊन होतं. पोरं आत-बाहेर पळत किंकाळ्या मारत होती, आया बाकांवर टॉवेल घेऊन बसलेल्या. आणि त्या कारंज्याच्या पलीकडे 2014 सालचं जर्मन ताब्याचं स्मारक.

तुटक्या खांबांची रांग, मध्ये देवदूत गॅब्रिएल, हातात राज्यचिन्हाचा गोल, चेहऱ्यावर निरागस भाव. हा म्हणजे हंगेरी. वरून झेप घेणारा काळा गरुड, त्याच्या पायातल्या कड्यावर 1944 हा आकडा. हा म्हणजे जर्मनी. 19 मार्च 1944 रोजी हिटलरचं सैन्य आपल्याच मित्रदेशात, हंगेरीत, घुसलं त्याचं हे शिल्प. सरकारने ते जुलै महिन्यात, रात्रीच्या वेळी, पोलिसांच्या बंदोबस्तात पूर्ण केलं. त्याचं रीतसर उद्घाटन कधीच झालं नाही.

भांडण कशावरून? तर त्या निरागस चेहऱ्यावरून. 1920 सालीच विद्यापीठांतल्या ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारा कायदा हंगेरीच्या संसदेने केला होता. 1938 पासून एकामागून एक ज्यूविरोधी कायदे आले, तेव्हा गरुड कुठेच नव्हता. आणि 1944 साली 15 मे ते 9 जुलै या काळात सुमारे 4 लाख 37 हजार ज्यू लोकांना आगगाड्यांत कोंबून, बहुतेकांना आउशविट्झला, पाठवलं गेलं. ही पाठवणी आखणारा नाझी अधिकारी आइकमन, त्याच्याबरोबर आलेली माणसं फार तर शे-दोनशे. गावोगावी जाऊन घरं शोधणं, दागिने काढून घेणं, माणसं स्टेशनपर्यंत हाकत नेणं, ही कामं हंगेरीच्याच जांदार्मांनी, म्हणजे ग्रामीण पोलिसांनी आणि गावच्या कारकुनांनी केली. राज्यप्रमुख होर्टी आपल्या जागेवर कायम होते. हा समुद्र नसलेल्या देशाचा दर्यासारंग आणि राजा नसलेल्या राज्याचा कारभारी. जुलैच्या सुरुवातीला त्यांनीच गाड्या थांबवायला सांगितल्या आणि बुडापेस्टचे ज्यू तूर्त वाचले. बाईंनी हेही सांगितलं. म्हणाल्या, "थांबवता येत होतं, एवढं त्यावरून कळतं." चौकाच्याच एका कडेला चर्चच्या दारात होर्टींचा अर्धपुतळा आहे, 2013 साली बसवलेला. तिथे त्यांनी आम्हाला नेलं नाही, नुसतं बोट दाखवलं.

माझा जास्त वेळ गेला तो स्मारकासमोरच्या फुटपाथवर. तिथे सरकारी स्मारकाला लोकांनी दिलेलं उत्तर पसरलेलं आहे. सरकारी काम चालू असतानाच, 2014च्या मार्चपासून, लोक तिथे आपापल्या घरच्या वस्तू आणून ठेवू लागले. एका लांबलचक तारेला प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातलेले फोटो आणि पत्रं अडकवलेली, खाली गोटे, गोट्यांवर नावं. एक चामड्याची सुटकेस, पावसाने तिची कडा सुटून आतला पुठ्ठा फुगलेला. चष्मे. बायकांच्या टाचांचे बूट. मेणबत्त्यांचे लाल काचेचे पेले. एका टंकलेखित कागदावर कुणीतरी आपल्या आजोबांची हकिगत लिहिली होती: गाव, धंदा, गाडीची तारीख, आणि त्यांना घरातून घेऊन जाणाऱ्या हंगेरियन शिपायाचं आडनाव. गाईडबाईंनी वाचून दाखवलं म्हणून कळलं. तो शिपाई त्यांच्याच गावचा होता, रोजच्या ओळखीचा.

शिल्पकलेच्या दृष्टीने विचाराल तर दोन्ही स्मारकं बेतास बात. गॅब्रिएल तर लग्नाच्या हॉलच्या दारात शोभेल असा. पण एका बाजूला एक देश आहे, दुसऱ्या बाजूला माणसं, आणि मध्ये जेमतेम रस्त्याएवढी जागा. पर्यटक त्या जागेत उभे राहतात आणि त्यांना मान दोन्हीकडे वळवावी लागते. सरकारने ती सुटकेस उचलून नेली नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

इथे बाईंनी फाइलमधून एक छापील कागद काढला. 2011 साली हंगेरीने नवी राज्यघटना केली. तिच्या प्रास्ताविकात म्हटलं आहे की 19 मार्च 1944 रोजी देशाने आपला स्वयंनिर्णय गमावला आणि 2 मे 1990 रोजी तो परत मिळाला. मधल्या सेहेचाळीस वर्षांत देश आपल्या मर्जीचा मालक नव्हता. मालक नव्हता म्हणजे जबाबदारही नव्हता, हे लिहिलेलं नाही, पण वाचणाऱ्याला कळतं. मला तो कागद त्या गरुडापेक्षा जास्त बोलका वाटला. स्मारक एखादं सरकार करतं आणि दुसरं काढतं. इथे तर कॅलेंडरातली पानंच फाडून ठेवली होती.

कोशुत चौकात आलो की या कागदाचा प्रत्यक्ष परिणाम दिसतो. संसदेची ती अवाढव्य इमारत सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असते, तिच्याबद्दल मी काही लिहीत नाही. तिच्यासमोर शेती मंत्रालय आहे. त्याच्या कमानींखालच्या भिंतीत धातूचे गोळे बसवले आहेत, लिंबाएवढे, वेड्यावाकड्या अंतरांवर. 25 ऑक्टोबर 1956 रोजी चौकात जमलेल्या नि:शस्त्र गर्दीवर गोळीबार झाला, तेव्हाच्या गोळ्यांच्या खुणा. किती माणसं मेली यावर आजही एकमत नाही. मी त्यातल्या एका गोळ्यावर अंगठा टेकवला. भिंत उन्हाने तापलेली आणि गोळा त्याहून.

1956ची हकिगत थोडक्यात सांगते. 23 ऑक्टोबरला विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला, संध्याकाळपर्यंत लाखोंची गर्दी झाली. लोकांनी झेंड्याच्या मधलं, स्टालिनच्या वळणाच्या राकोशी या हुकूमशहाच्या राजवटीचं चिन्ह कात्रीने कापून काढलं. मध्ये भोक असलेला तिरंगा हेच मग उठावाचं निशाण झालं. रात्री स्टालिनचा आठ मीटरचा ब्राँझचा पुतळा पाडला, चौथऱ्यावर फक्त बूट उरले. इम्रे नॉज पंतप्रधान झाले. 1 नोव्हेंबरला त्यांनी वॉर्सा करारातून, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी युतीतून, बाहेर पडून हंगेरी तटस्थ असल्याचं जाहीर केलं. (आपल्याकडे बरोबर त्याच दिवशी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आलं, तेव्हा मराठी घरांत वर्तमानपत्राच्या कुठल्या पानावर चर्चा झाली असेल ते सांगायला नको.) 4 नोव्हेंबरला पहाटे रशियन रणगाडे शहरात शिरले. सुमारे अडीच हजार हंगेरियन मेले, सातशेच्या आसपास सोव्हिएत सैनिक, आणि दोन लाख माणसं सीमा ओलांडून गेली. नॉज युगोस्लाव्ह दूतावासात शिरले, अभयाचं वचन देऊन त्यांना बाहेर काढलं, पकडलं आणि 16 जून 1958 रोजी फाशी दिलं.

हा माणूस काही जन्मजात बंडखोर नव्हता. आयुष्यभराचा कम्युनिस्ट, चौदा वर्षं मॉस्कोत काढलेली, 1945 साली जमीनवाटप करणारा शेतीमंत्री. ऐन वेळी पक्ष एकीकडे आणि लोक एकीकडे झाले, तेव्हा तो लोकांच्या बाजूला गेला आणि तिथून मागे फिरला नाही. कोर्टात दयेची भीक मागितली नाही. 1996 साली त्याचा पुतळा संसदेजवळच्या हुतात्मा चौकात बसला. उंच चौथरा नाही, एक लहानसा ब्राँझचा पूल, पुलावर कोट-टोपी घातलेला मिशाळ गृहस्थ, नजर संसदेकडे. लोक पुलावर चढून त्याच्या शेजारी उभे राहत.

28 डिसेंबर 2018 रोजी पहाटे क्रेन आली. कारण असं दिलं गेलं की संसदेचा परिसर 1944च्या आधी होता तसा करायचा आहे. फाडलेली पानं ती हीच. रिकाम्या जागी 1919च्या कम्युनिस्ट राजवटीत बळी गेलेल्यांचं स्मारक आलं. मूळचं 1934चं, 1945 साली काढलेलं, आता हुबेहूब नवं करून बसवलेलं. नॉज आपल्या पुलासकट नदीच्या दिशेला, मार्गारेट पुलाजवळच्या यासॉई मॉरी चौकात. जागा वाईट नाही, ट्राम जाते. पण संसद दिसायची ती गेली.

बाईंनी इथे फाइलमधला शेवटून दुसरा फोटो दाखवला. 16 जून 1989, वीरांच्या चौकात सहा शवपेट्या. एक नॉज यांची, चार त्यांच्या साथीदारांची आणि सहावी रिकामी, अनाम बंडखोरांसाठी. ही माणसं वर्षानुवर्षं दफनभूमीच्या कोपऱ्यात, 301 क्रमांकाच्या प्लॉटमध्ये, निनावी पुरलेली होती. त्या दिवशी एका सव्वीस वर्षांच्या दाढीवाल्या तरुणाने माइकवरून रशियन सैन्य परत जावं अशी मागणी केली आणि रातोरात तो देशाला माहीत झाला. व्हिक्टर ऑर्बान. 2018च्या डिसेंबरात क्रेन आली तेव्हा पंतप्रधान तेच होते. बाईंनी यावर काहीही टिप्पणी केली नाही. फोटो नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ धरून ठेवला, एवढंच.

त्या पेट्यांनंतर तीनच आठवड्यांनी, 6 जुलैला, सर्वोच्च न्यायालय नॉज यांना निर्दोष ठरवत होतं, आणि त्याच दिवशी यानोश कादार वारले. रशियन रणगाड्यांमागून सत्तेवर आलेले, नॉज यांना फासावर जाऊ दिलेले, 1988 पर्यंत देशावर बसलेले कादार. इतिहासाला कधी कधी नाटकाची फार हौस येते. कादारांच्या अंत्ययात्रेलाही तोबा गर्दी झाली होती. बाईंची आजी रांगेत उभी होती. "आजीला फ्रीज कादारच्या राज्यात मिळाला," बाई म्हणाल्या, "आणि तिचा भाऊ त्याच राज्यात तुरुंगात होता. ती दोन्ही सांगायची, एकाच दमात." सबंध सहलीत मला सगळ्यात खरं वाटलेलं वाक्य हेच. या वाक्याचं स्मारक कोण करणार?

डॅन्यूबच्या काठावरचे लोखंडी बूट ठाऊक असतील. 2005 साली बसवलेले, साठ जोड. 1944-45च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉसच्या टोळ्यांनी ज्यू माणसांना काठावर उभं करून, बूट काढायला लावून नदीत गोळ्या घातल्या. ॲरो क्रॉस म्हणजे हंगेरीचेच फॅसिस्ट. गर्दी इतकी होती की एकजण लहान मुलाच्या बुटात बोटं घालून फोटो काढून घेत होता. आम्ही थांबलो आणि निघालो.

निघताना बाईंनी मला विचारलं, "तुम्ही भारतातल्या ना? मग 1956 साली तुमच्या नेहरूंनी तसं का केलं?"

हा प्रश्न अंगावर येईल असं वाटलं नव्हतं, पण उत्तर साधारण ठाऊक होतं. त्याच आठवड्यात ब्रिटन-फ्रान्स-इस्राएलने इजिप्तवर हल्ला केला होता आणि सुएझवर आपण कडाडून बोललो. हंगेरीवर मात्र जीभ जड झाली. 4 नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांत सोव्हिएत कारवाईचा निषेध करणारा ठराव आला तेव्हा भारत तटस्थ राहिला. 9 तारखेच्या ठरावात संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्याव्यात अशी मागणी होती, त्याला कृष्ण मेनन यांनी भारताच्या वतीने विरोधी मत दिलं. जयप्रकाश नारायण यांनी नेहरूंना यावरून उघडपणे सुनावलं. पुढे नेहरूंचा सूर बदलला, सोव्हिएत फौजा परत जाव्यात असं त्यांनी म्हटलं, पण मत पडायचं ते पडलं होतं. काश्मीरमध्ये परक्या देखरेखीचा पायंडा नको, रशियाला दुखवायचं नाही, अशी कारणं मी सांगितली. सांगताना मला माझाच आवाज त्या गॅब्रिएलच्या वकिलासारखा वाटला.

बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आणि रहमान?"

एम. ए. रहमान हे तेव्हा बुडापेस्टमध्ये भारताचे प्रभारी राजदूत. 4 नोव्हेंबरला रणगाड्यांनी संसदेला वेढा घातला तेव्हा आत सरकारातला एकच मंत्री राहिला होता, इश्तवान बिबो, आणि तो एकटा बसून निवेदन टाइप करत होता. पुढे त्याने तडजोडीचा एक मसुदा तयार केला. अरपाद गोंत्स नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने तो रहमान यांच्या हाती पोहोचवला, म्हणजे तो दिल्लीला आणि तिथून मॉस्कोला जाईल. नॉज यांनी लिहिलेलं हस्तलिखितही गोंत्स यांनी ब्रिटिश वकिलातीतल्या एका ड्रायव्हरच्या मदतीने देशाबाहेर काढलं. 1958 साली बिबो आणि गोंत्स दोघांनाही जन्मठेप झाली, 1963च्या माफीत सुटले. गोंत्स तुरुंगात इंग्रजी शिकले, त्यावर भाषांतरकार म्हणून जगले आणि 1990 ते 2000 अशी दहा वर्षं हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष होते. मेट्रोच्या एम थ्री मार्गावरच्या एका स्टेशनला आता त्यांचं नाव आहे.

"तुमच्या शाळेत रहमान शिकवतात का?" बाईंनी विचारलं.

"नाही. ते मतही नाही शिकवत."

"आमच्याकडे मी दोन्ही शिकवायचे," त्या म्हणाल्या, फाइलला रबरबँड लावला आणि दुपारच्या गटासाठी पुन्हा स्वातंत्र्य चौकाकडे निघाल्या.